हलव्याचा काटा

"अहो, डोकं काढा ते. सगळी सावली परातीत पडलीय," कौशल्याबाई म्हणाल्या.

बबनराव कॅमेऱ्यासकट मागे सरकले. आकुर्डीच्या त्या दोन खोल्यांत सकाळचं ऊन फक्त दारातून यायचं, म्हणून शेगडी दाराशीच मांडली होती. निखारे मंद ठेवायचे, परातीतल्या तिळांवर चमच्याचमच्याने पातळ पाक घालायचा आणि बोटांच्या टोकांनी ते फिरवत राहायचं. मग कुठे काही दिवसांनी दाण्यावर साखरेचा काटा उभा राहतो. घाई केली की दाणे गुळगुळीत. कौशल्याबाईंच्या हलव्याचं नाव सगळ्या चाळीत होतं, आणि यंदा, अठ्ठ्याहत्तर सालची, लेकाच्या, जयसिंगच्या, बायकोची पहिली संक्रांत. सुनेला आपल्या हातच्या हलव्याच्या दागिन्यांनी मढवायचं त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. गेल्या संक्रांतीपासून त्यांना काटा दिसतच नव्हता. परातीत नुसतं पांढरं धुकं. काटा आला की नाही हे त्या दाणा ओठाला लावून ओळखायच्या. लेकाला कळलं असतं तर शेगडी पहिली माळ्यावर गेली असती आणि दागिने पुण्याच्या दुकानातून आले असते. मग सासूने काय नुसतं हळदीकुंकू वाटायचं? म्हणून सुई ओवायची वेळ आली की त्या सुनेला हाक मारायच्या, आणि वर तिलाच शिवण शिकवतोय असा आव आणायच्या.

नेमकं याच वर्षी नवऱ्याने हलव्याचा फोटो काढायचं खूळ डोक्यात घेतलं. बबनराव कंपनीत इन्स्पेक्शनला, दिवसभर भिंगाखाली गिअरचे दाते तपासणारा माणूस. झिजलेल्या गिअरचे फोटो काढणारे कंपनीचे फोटोग्राफर सोपानराव यांना त्यांनी दोन लेन्ससह घरीच आणून बसवलं होतं.

"पन्नासची लेन्स काढा, शंभरची लावू," बबनराव म्हणाले. "काटा दुप्पट मोठा येईल."

"तिथंच सगळे फसतात राव," सोपानराव म्हणाले. "दोन्ही लेन्स दाणा जेवढा आहे तेवढाच फिल्मवर उतरवतात. त्याहून मोठा करायचा तो नंतर कागदावर. फरक एवढाच, की पन्नासने तेवढा यायला दाण्याच्या चार बोटांवर जावं लागतं. शंभरने वीतभरावरून तेवढाच येतो."

"मग लांब बसून फायदा काय?"

"उजेड अडत नाही. काचेवर पाकाची वाफ धरत नाही. आणि वहिनींची बोलणी बसत नाहीत."

कौशल्याबाईंनी मनातल्या मनात सोपानरावांचं भलं चिंतलं. सगळा जन्म भिंगातून बघण्यात गेलेला माणूस चार बोटांवर येऊन बसला, तर त्याच्या नजरेतून काय सुटणार होतं?

"शंभरचीच लावा," त्या म्हणाल्या. "लांब बसलेले बरे तुम्ही."

लेन्स बदलली गेली. बबनराव कॅमेरा रोखून इतके गप्प बसले, की थोड्या वेळाने कौशल्याबाई त्यांना विसरूनच गेल्या. पाक घातला, दाणे फिरवले, एक दाणा उचलून ओठाला लावला. मग त्यांना आठवण झाली आणि हात झटकन खाली आला.

"चालू दे तुझं," बबनराव म्हणाले आणि परातीतल्या दाण्याचा फोटो काढला.

तीन-चार दिवसांनी, शिफ्ट सुटल्यावर, ते फोटो घेऊन आले. कागद चांगला ताटाएवढा, आणि त्यावर एकच दाणा. त्यांनी तो बायकोच्या हातात दिला. कौशल्याबाई तो घेऊन दारात उजेडाला गेल्या आणि बघतच राहिल्या. सराट्यासारखा काटा होता, चहूबाजूंनी उभा, टोकदार, कुठेही न मोडलेला. त्यांना इतका आनंद झाला, की जिभेवर ताबा राहिला नाही.

"इतका सुरेख येतोय होय? मला वाटलं, बोथट व्हायला लागला असेल."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. बबनराव खाली वाकून बुटांचे बंद सोडत होते.

"संक्रांत झाली की दोन दिवस रजा टाकलीय," ते म्हणाले. "पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ."

"रजा कधी टाकलीत?"

"दिवाळीत."

कौशल्याबाईंनी हळूच विचारलं, "जयसिंगला सांगितलंत?"

"त्याला कशाला? कुणालाच नाही. आधी दागिने होऊ देत तुझे."

कौशल्याबाईंना भरून आलं. हा माणूस आपल्याला ओळखून आहे, याची त्यांना एरवी चीड यायची. आज नाही आली. त्यांनी पदराने डोळे पुसले, फोटो जपून बाजूला ठेवला आणि शेगडी पुढे ओढली.

"हात धुऊन या," त्या म्हणाल्या. "आणि इथं बसा, माझ्याजवळ. काटा कसा येतोय ते मला सांगत राहा."