फ्राऊंचं वाक्य

अकरावीच्या जर्मनच्या वर्गात मोजकीच मुलं उरली होती आणि त्यांत काडीचा नंबर खालून पहिला होता. काटकुळ्या हातापायांमुळे घरी पडलेलं हे नाव शाळेतही चिकटलं होतं. पहिल्या वर्षी 'मला सफरचंद आवडतं' इथवर गाडी बरी चालली. दुसऱ्या वर्षी मात्र भाषेने आपले दात दाखवले. टेबल पुल्लिंगी, दिवा स्त्रीलिंगी आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी!

"मुलीनेच काय घोडं मारलं होतं?" असं तिने विचारलं, तेव्हा जर्मनच्या बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या. बाईंना सगळी शाळा फ्राऊ म्हणायची.

त्या दुपारी फ्राऊ तिकडच्या रविवारबद्दल सांगत होत्या. दुकानं बंद असतात, माणसं आजी-आजोबांना घेऊन रानात फिरायला जातात, भेटलेल्या अनोळखी माणसालाही नमस्कार करतात. सांगता सांगता खडू हातातून निसटला. तो उचलायला त्या वाकल्या आणि तशाच खाली बसल्या. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. पहिल्या बाकावरची काडी धावली. फ्राऊंनी तिचं मनगट जे धरलं, ते ॲम्ब्युलन्समध्येसुद्धा सोडलं नाही.

फ्राऊंचे यजमान आपल्या चष्म्याच्या दुकानातून तसेच धावत आले. खिशात बारकासा स्क्रू-ड्रायव्हर तसाच होता.

"अगं, मी आलोय. बोल ना," ते म्हणाले.

फ्राऊ बोलल्या, पण जर्मनमध्ये. काकांना वाटलं, बायको भ्रमात बडबडतेय.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाजूला घेतलं. "मेंदूत रक्तस्राव झालाय. क्वचित असं होतं, एक भाषा जाते आणि नंतर शिकलेली राहते. पण त्या शुद्धीत आहेत. ऑपरेशन आत्ताच करावं लागेल. वाचतील याची खात्री देत नाही, आणि वाचल्या तरी अंथरुणाला खिळू शकतात. त्यांना काय हवंय ते कळलं तर बरं. जर्मन कुणाला येतं?"

काकांनी काडीकडे पाहिलं. भाड्याने घर कसं शोधायचं, स्टेशनवर तिकीट कसं मागायचं, एवढंच तिला येत होतं. तेही अडखळत.

"काका, मी वर्गात सगळ्यात ढ आहे हो."

"बाळा, माझ्यापेक्षा तर हुशार आहेस ना? तिचा सगळा जन्म त्या भाषेत गेला आणि मी तिची नुसती टिंगल केली. विचार तिला."

काडी पलंगाजवळ वाकली. 'ऑपरेशन' हा शब्द तिकडेही जवळपास तसाच, एवढं नशीब. बाकीचं वाक्य तिने जमेल तसं जुळवलं. फ्राऊंनी डोळे मिटले. जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांत चिकटत होते.

"लास मिश… आलाइन."

काडीला अर्थ लागला आणि लागला नसता तर बरं झालं असतं असं वाटलं.

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या… मला एकटीला सोडा."

काका पांढरेफटक पडले. "नळ्या लावून जगायचं नाही, असं ती नेहमी म्हणायची," ते हळूच बोलले. "तिच्या मनाविरुद्ध मी काही करणार नाही." बायकोच्या कपाळावर हात ठेवून ते खोलीबाहेर पडले.

ते जाताच फ्राऊ तळमळायला लागल्या. चालत होता तो हात त्यांनी दाराकडे टाकला. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा पुन्हा, जिवाच्या आकांताने. सोडा म्हणणारं माणूस जाणाऱ्याला असं बोलावतं का? काडीने कान त्यांच्या ओठांशी नेला. 'मिश' आणि 'आलाइन' यांच्यामध्ये काहीतरी होतं. एक घासटलेला आवाज. निश्त! म्हणजे 'नको'. 'मिश निश्त' एकात एक मिसळलं होतं. मला एकटीला सोडू नको!

आता अंदाजावर भागणार नव्हतं. तिने साधं वाक्य केलं, व्याकरण गेलं खड्ड्यात: "जायचं? की ऑपरेशन, आणि काकांजवळ थांबायचं?"

"ब्लायबन," फ्राऊ म्हणाल्या. डोळ्यांतून धार लागली होती. "ब्लायबन, ब्लायबन."

थांबायचं.

काडी धावत सुटली. जिन्यात कुणाला धडकली, चप्पल मागेच राहिली. खाली काउंटरपाशी ऑपरेशन नको म्हणून सही करायला काका वाकले होते.

"काका, नको! मी चुकले! त्या सोडू नका म्हणतायत! मला एक शब्द ऐकूच आला नाही!"

काकांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग आला की आनंद, ते तिला कधीच कळलं नाही. मग ते जिना चढायला लागले, गुडघे दुखत असूनही दोन दोन पायऱ्या ओलांडत.

ऑपरेशन सुरू होतं तेवढा वेळ दोघं बाहेर बाकावर बसली. "मी थांबलोय, हे कसं म्हणायचं?" काकांनी विचारलं. तिने सांगितलं. ते पुटपुटत राहिले. काडीच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट घण घालत होती: फ्राऊ जरा कमी तळमळल्या असत्या तर?

फ्राऊ वाचल्या. उजवा हात गेला, आणि आपली भाषा परत येईल की नाही, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. काडी भेटायला गेली तेव्हा काका पलंगाशी बसून घोकत होते आणि फ्राऊ क्षीण आवाजात त्यांचा उच्चार सुधारत होत्या.

"बघ, या वयात बोलणी खातोय," काका म्हणाले. "ये, बस."

काडी आली, हसली, बसलीसुद्धा. मग पाणी पिऊन येते म्हणून बाहेर गेली आणि भिंतीला पाठ लावून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून ओढणी तोंडात कोंबून, पोटभर रडली.