चोचीच्या उजवीकडची झीज

पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या, सेक्टर दोनच्या त्या क्वार्टरमध्ये आता दोनच गोष्टी जागच्या जागी उरल्या होत्या, स्वयंपाकघरातला खलबत्ता आणि खुद्द उमाकांतराव. कपाट खुर्सीपार वस्तीतल्या कोणी नेलं, दिवाण धुणंभांडी करणाऱ्या भागाबाईला दिला. रविवारच्या विमानानं उमाकांतराव मुलाकडे, पुण्याला, कायमचे निघाले होते. सुमंतनं फोनवर बजावलं होतं, "बाबा, सामान पंधरा किलो. वर काहीच नको." खल एकटाच सहा किलोचा. तेव्हा तो विकायचा ठरला. पण पणजोबा पवनीचे नावाजलेले वैद्य, त्यांची वस्तू मोडीच्या भावात जाऊ नये, एवढाच उमाकांतरावांचा हट्ट होता.

म्हणून त्यांनी दुर्गच्या धनंजयला बोलावलं. धनंजय जुन्या भांड्यांचा पारखी. तो अकराला येणार, तर उमाकांतराव नऊपासूनच दाराशी. माणसाला माणूस किती लागतो ते घर रिकामं झाल्यावर कळतं. आठ दिवसांत त्यांच्याशी समोरासमोर फक्त गॅसवाला बोलला होता, तोही हिंदीत.

धनंजयनं आल्या आल्या विकायला काढलेला हंडा, परात बाजूला सारली. "हे पितळ आहे काकाजी. पिवळं दिसते न? मशीनचं आहे, तळाले गोल रेघा पाहा." मग त्यानं खल मांडीवर घेतला आणि काठावर नखानं टिचकी मारली. आवाज उठला आणि बराच वेळ विरेना. धनंजयचा चेहरा बदलला.

"हे कासं आहे. पितळ असं बोलत नाही." त्यानं खल उलटा केला, तळाची बारीक बारीक छिद्रं दाखवली. "हातानं ओतलेला. काढा ओतायले चोच काढली आहे, म्हणजे औषधाचाच. चिंचेनं घासलात तर नाही न?"

"दोन वर्षांत हात नाही लावला," उमाकांतराव म्हणाले.

ते खरंच होतं. त्यांची बायको गीता गेल्यापासून खल वाजला नव्हता. ती होती तेव्हा रोज पहाटे साडेचारला आलं-वेलची कुटायची, आणि फर्स्ट शिफ्टला जाणारे उमाकांतराव त्या आवाजानं जागे व्हायचे. पडून राहायचे. आवाज थांबला की चहा यायचा. अडतीस वर्षं यायचा.

"आतून पाहा," धनंजय सांगत होता, "चोच समोर धरली तर उजवीकडे झिजला आहे. शंभर वर्षं औषध कुटल्याचा हाच पुरावा. मी कागदावर तसं लिहून देतो, वैद्यांचा खल. बावीस हजार देतो काकाजी."

सौदा उत्तम होता. हो म्हणून मोकळं व्हायचं. पण उमाकांतरावांनी कारखान्याच्या रोल शॉपमध्ये चौतीस वर्षं एकच काम केलेलं. पोलाद लाटणारा रोल कुठे झिजला, किती झिजला, कशानं झिजला, ते मोजायचं. झीज म्हटलं की त्यांचे हात शिवशिवायचे. त्यांनी बॅगेतून आपला जुना कॅलिपर काढला.

"आता हे मोजता कावून?" धनंजय हसला.

"मापात पाप नको," म्हणत त्यांनी खलाची भिंत चहूबाजूंनी मोजली. डावीकडे जाड. उजवीकडे दीड मिलिमीटर कमी. बत्त्याचं तोंडही तिरपं झालेलं. खल नेहमी असायचा तशी त्यांनी चोच भिंतीकडे केली आणि कुटायचा आव आणून पाहिला. उजव्या हातातला बत्ता तिरपा जाऊन डावीकडे आदळत होता. मग उजवीकडे कोण आदळवत होतं?

"वैद्यबुवा डावखुरे असतील," धनंजय म्हणाला.

छे! सोवळं नेसून औषध कुटणारा माणूस. डाव्या हातानं त्यांनी कोणाला चिमूटभर राखही दिली नसती. आणि घराण्यात दुसरं डावखुरं कोणी नव्हतं.

होतं. एक होतं.

लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी गीतानं पंगतीत डाव्या हातानं भात वाढला होता. आई सगळ्यांदेखत ओरडली, "हे काय अवलक्षण!" गीतानं डाव उजव्या हातात घेतला, अर्धा भात पाटावर सांडला. उमाकांतराव समोरच बसले होते. खाली मान घालून जेवले. पुढे वाढणं, पूजा, पोळ्या, सगळं उजव्या हातानं होऊ लागलं, आणि ते धरून चालले की सवय मोडली. ती मोडली नव्हती. पहाटे घर निजलेलं असताना, कोणी बघायला नसताना, ती आपल्या हातानं कुटत होती. पलीकडच्या खोलीत हा झीज मोजणारा माणूस आवाज ऐकत लोळत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"ही झीज वैद्यांची नाही," ते म्हणाले. "माझ्या बायकोची आहे. आलं कुटायची."

धनंजयनं लिहायला काढलेला कागद परत खिशात घातला. "मग घरगुती माल झाला काकाजी. त्यात झिजलेला. आठाच्या वर नाही देता येत. तुम्ही बोललेच नसते तर मले तरी काय समजत होतं?"

"मलेही नाही समजलं," उमाकांतराव म्हणाले. "जा बापा तू. खल नाही विकत मी."

तो गेल्यावर घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. फ्रिज विकलेला, पण टोपलीत सुकलेल्या आल्याचा एक तुकडा होता. उमाकांतराव स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. चोच भिंतीकडे केली, बत्ता डाव्या हातात घेतला. तो आपोआप तिच्या खळग्यात जाऊन बसला. चार-पाच घाव घातले. तोच आवाज आला. ते थांबले, आणि सवयीनं चहाची वाट पाहू लागले.

"गीता, डाव्या हातानं वाढ न," ते मोठ्यानं म्हणाले. हे एक वाक्य त्या दिवशी पंगतीत म्हणायचं होतं.

मग त्यांनी बॅग उघडली, दोन्ही स्वेटर आणि रजई बाहेर काढली, आणि खल आत ठेवला. पुण्यात थंडी वाजली तर वाजली.