जित्या बापाची फातेहा

तांदळाच्या डब्यात हात घालताना आधी कुणी दाराकडे बघतं का? शहरबानू बघायची. महिनाभर रोज दोन वेळा बघत होती, कारण त्या डब्याच्या तळाशी, कापडात गुंडाळून, नवऱ्याचा दुसरा पासपोर्ट ठेवलेला होता.

पहिला हिंदुस्थानचा. त्यावर खैरुद्दीन, बायको शहरबानू, दोघांचा जोडीने काढलेला फोटो, सगळं रीतसर होतं. तो घेऊनच दोघं चार वर्षांपूर्वी आगबोटीने दुबईला उतरली होती आणि तिथल्या देरा भागात खजुरीच्या झावळ्यांच्या दोन खोल्यांत संसार मांडला होता. तीन वर्षांची सुरैय्या गावी, रत्नागिरीच्या खाडीपलीकडे, शहरबानूच्या आईपाशी राहिली होती. आता ती सात वर्षांची झाली होती आणि येत्या बोटीने जाऊन तिला घेऊन यायचं ठरलं होतं. पण पासपोर्टाची मुदत संपत आली होती, आणि ती वाढवून मिळाल्याशिवाय बोटीचं तिकीट मिळणार नव्हतं.

असं असताना खैरुद्दीनच्या मालकाने त्याच्यावर खूश होऊन त्याला इथल्या शेखसाहेबांच्या राज्याचा पासपोर्ट काढून दिला. कुवेतला जा, बहारीनला जा, कोणी अडवणार नाही. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, एक काहीतरी ठेवतो. खैरुद्दीनला दोन्ही हवे होते. जेवणात मासा आणि मटण दोन्ही असलं की आधी काय खावं हे न सुचणारा माणूस तो.

"अगं, कोणाला कळतंय?" तो म्हणाला. "हा इथला, तो तिथला. बॉम्बेला तो दाखवायचा, कुवेतला हा. खलास."

"माझ्या अब्बांनापण असंच वाटलं होतं," शहरबानू म्हणाली.

 तिच्या अब्बांची गोष्ट त्याला ठाऊक होती. इद्रीस फाळणीनंतर पोटासाठी कराचीच्या गोदीत गेले. मध्ये पासपोर्टाचा कायदा आला, आणि घरी यायचं तर तिकडचा पासपोर्ट घ्यावा लागेल असं कोणीतरी सांगितलं. यांनी घेतला. घरी आले, भात लावला, विहीर उपसली. मग एके दिवशी पोलीस आले आणि म्हणाले, तुम्ही आता परदेशी, चला परत कराचीला. शहरबानू तेव्हा चौदा वर्षांची होती. अब्बांच्या पायाला चिखल होता आणि तो धुवायलासुद्धा वेळ दिला नव्हता. त्यानंतर अकरा वर्षं तिने बापाला पाहिलं नव्हतं. खैरुद्दीनने तर सासरा कधी पाहिलाच नव्हता.

गेल्या वर्षी लढाई झाली आणि कराचीचं नाव काढायचीही चोरी झाली. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ती सांगायची, अब्बा गावी असतात. अब्बांची चिठ्ठी मात्र कुठल्या ना कुठल्या गलबतावरून यायची. शेवटच्या चिठ्ठीत त्यांनी लिहिलं होतं की या मोसमात कोणी तांडेल गलबतावर घेईल तर मीच दुबईला येतो, तुला एकदा डोळे भरून बघतो. त्या दिवशी ती नाचायची तेवढी बाकी होती.

मस्कतहून हिंदुस्थानी वकिलातीचा साहेब आला आणि बाजारातल्या एका व्यापाऱ्याच्या माडीवर दोन दिवस बसला. जोडीच्या पासपोर्टाला नवरा-बायको दोघांनीही हजर व्हायचं होतं. साहेबाच्या शेजारी कागद भरायला मुश्ताक बसला होता. मुश्ताक शहरबानूच्या शेजारचा, श्रीवर्धनकडचा, मनाने अगदी सरळ आणि तोंडाने तितकाच सैल. त्याच्या पोटात गोष्ट राहिली असं कधी घडलं नव्हतं.

"खैरुद्दीनभाई, हे डिक्लेरेशन," मुश्ताक म्हणाला. "दुसऱ्या कुठल्या कंट्रीचा पासपोर्ट माझ्याकडे नाही, असं. इधर साइन."

खैरुद्दीनने सही केली. बाजारभाव सांगावा इतक्या सहज केली. 

साहेब पुण्याकडचा निघाला. त्याने चक्क मराठीत विचारलं, "तुमचं माहेर कुठलं, बाई?"

तिने गावाचं नाव सांगितलं.

"वडील काय करतात? कुठे असतात?"

साधा प्रश्न होता. कागदावर तेवढी एक ओळ भरायची राहिली होती. पण शहरबानूने पटापट हिशेब केला. कराची म्हटलं तर चौकशी रत्नागिरीला जाणार, पोलीस आईच्या दारात येणार, पासपोर्ट अडकणार, मग इथेही घर तपासणार आणि तांदळाचा डबा उपडा होणार. गावी असतात म्हटलं तरी चौकशीत खोटं उघडं पडणार. सुरैय्या दारात उभी राहून वाट बघते आहे, आणि आपण जातच नाही, असं तिला डोळ्यांसमोर दिसलं.

"वारले," ती म्हणाली.

"अरेरे. कधी?"

"आत्ताच... कळलं." आणि तिला रडू फुटलं. ते भीतीचं रडू होतं, पण रडण्यावर कारण लिहिलेलं नसतं. साहेबाने पेन खाली ठेवलं, पाणी मागवलं, पुढचं काही विचारलं नाही. खैरुद्दीन बायकोकडे बघतच राहिला. मुश्ताकने दोन्ही हात उघडून "इन्ना लिल्लाहि" म्हटलं.

पासपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होता.  घरी येऊन दार लावल्यावर खैरुद्दीन म्हणाला, "बानू, काय केलंस हे?"

"तुमचा डबा वाचवला," ती म्हणाली, आणि मग तिलाच स्वतःची भीती वाटली. बापाला मारलं होतं तिने, भर माडीवर, परक्या माणसासमोर.

मुश्ताकच्या पोटात गोष्ट राहत नाही हे दोघंही विसरले होते. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी असरची नमाज झाली आणि दार वाजलं. मुश्ताकची आई मैमुनाबी उभी होती, मागे सात-आठ बायका, आणि त्यांच्याही मागे पुरुष. मैमुनाबीने शहरबानूला छातीशी धरलं.

"काल सांगितलं नाहीस, पोरी? आम्ही काय मेलो होतो? परमुलखात आपणच आहोत ना एकमेकांना?"

काय सांगणार? नाही म्हणावं तर मुश्ताक बाहेरच होता, आणि साहेब अजून गावातच होता. नवा शिक्का मारलेला पासपोर्ट मुश्ताकने आत्ताच खैरुद्दीनच्या हातात दिला होता. "साहेब उद्याच्या बोटीने जाणार," तो सांगत होता. "फार वाईट वाटलं त्यांना."

एक दिवस काढायचा होता. एवढा एकच दिवस.

मैमुनाबी चुलीकडे गेली तेव्हा शहरबानू धावत तिच्या मागे गेली. डबा चुलीशेजारीच होता. पण मैमुनाबीने चुलीतली लाकडं उलट बाहेर ओढली. "मयताच्या घरी चूल पेटवायची नाही. तीन दिवस जेवण आमच्याकडून येईल. तू कशाला हात लावू नकोस." पासपोर्ट वाचला. या मेहरबानीवर हसावं की डोकं आपटावं, हे शहरबानूला कळेना.

बायका आत बसल्या, पुरुष अंगणात चटयांवर. कुराणाचे भाग वाटले गेले. तिच्याही हातात एक आला. आपल्या बापाच्या नावाने, जो बहुतेक या घटकेला कराचीत नाहीतर समुद्रात कुठेतरी हसतबोलत असेल, त्याच्या नावाने ती वाचू लागली.  या अल्ला, हे त्यांना लागू करू नकोस, असं ती प्रत्येक ओळीमागे मनात म्हणत होती.

तेवढ्यात अंगणाच्या दाराशी कोणी सलाम केला.

"खैरुद्दीनचं घर हेच काय?"

शहरबानूने वाचता वाचता मान वर केली. अकरा वर्षांत माणसाचे केस पिकतात, पाठ वाकते. आवाज नाही बदलत. तिने झावळ्यांच्या फटीला डोळा लावला. अब्बा होते. खांद्यावर गाठोडं, पायांत मोठाले जोडे, दाढी पांढरीशुभ्र. हसत होते.

"आवो चाचा, बसा," मुश्ताक हळू आवाजात म्हणाला. "फातेहा आहे, मयताची."

अब्बांचं हसू विरलं. "कोणाची?"

"खैरुद्दीनभाईंचे सासरे. इद्रीस. गावी वारले, काल कळलं. इथे मस्कतहून पासपोर्टवाले साहेब आलेत ना, त्यांच्यासमोरच भाभींना सांगावं लागलं. बिचाऱ्या रडायलाच लागल्या."

खैरुद्दीनने मान वर केली, म्हाताऱ्याला पाहिलं आणि ओळख नसलेल्या पाहुण्याला करावी तशी जागा करून दिली. आत शहरबानूने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. आता ते बोलतील. आता म्हणतील, अरे, इद्रीस तर मी! आणि मुश्ताक धावत माडीवर जाईल.

अब्बांनी खांद्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. पासपोर्ट म्हणजे काय असतं आणि त्यापायी माणसाला काय काय व्हावं लागतं, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांनी बायका बसल्या होत्या त्या बाजूच्या झावळ्यांच्या भिंतीकडे पाहिलं. मग जोडे काढले आणि सर्वांत मागच्या चटईवर बसले.

मुश्ताकने दुआ सुरू केली. "या अल्ला, मरहूम इद्रीसना माफ कर. त्यांची कबर रोशन कर. त्यांच्या मुलीला सबर दे."

अब्बांनी दोन्ही हात वर केले. "आमीन," ते म्हणाले, सगळ्यांच्या बरोबर, सगळ्यांइतकंच.

आत बायकांनी आमीन म्हटलं. शहरबानूलाही म्हणावं लागलं. मैमुनाबी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रड बाळा, मोकळी हो." ती रडली, आणि या वेळी त्यात खोटं काही नव्हतं.

पुरुष उठून गेल्यावर खैरुद्दीन आतल्या दाराशी आला. त्याचा चेहरा गोंधळलेला होता.

"एक म्हातारा आला होता, बानू. खलाशी दिसत होता. चहापण घेतला नाही. गलबत आजच्या भरतीलाच परत निघतंय म्हणाला. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, मुलीला घेऊन या, वेळ लावू नका. आपली सुरैय्या त्याला कशी ठाऊक?"

शहरबानू दाराकडे झेपावली. मैमुनाबीने तिचा दंड धरला. "कुठे चाललीस? तीन दिवस मयताच्या लेकीने उंबरा ओलांडायचा नाही."

"कोण असेल गं तो?" खैरुद्दीनने विचारलं.

बायका तिच्याकडे बघत होत्या. अंगणात मुश्ताक अजून चटया गुंडाळत होता.

"अब्बांच्या ओळखीचा असेल कोणी," शहरबानू म्हणाली आणि खाली बसली.