सातवं माणिक

गल्लीत तिला सगळे मणीवाली म्हणत. बाहेरच्या खोलीत खिडकीशी टेबल मांडून ती हाताने दागिने घडवी. आजवर तिच्याकडून गिऱ्हाइकाचा एक खडाही इकडचा तिकडे झाला नव्हता. त्या दुपारी मात्र जावेने पडदा सरकवला, टेबलावरचं तबक त्यात अडकलं आणि खळ्ळकन फरशीवर उपडं झालं.

तबकात एका निवृत्त शिक्षिकाबाईंची सात माणकं होती, आईच्या तुटलेल्या माळेतली. लेकीसाठी त्यांना ती नव्याने ओवून हवी होती. मध्ये घालायला मणीवालीने त्याच रंगाचे, त्याच मापाचे साठ काचमणी नुकतेच मोजून ठेवले होते. आता सगळीकडे लालच लाल. बाई चारला येणार होत्या आणि अडीच वाजून गेले होते.

"अगं बाई, आता गं?" जाऊ मटकन खाली बसली.

"हलू नकोस! पायाखाली बघ आधी."

दोघींनी रांगत कपाटाखाली हात घातले, चपला झटकल्या. मोजले तर सदुसष्ट भरले. मणीवालीचा जीव भांड्यात पडला. हरवलं तर काही नव्हतं.

माणिक काचेपेक्षा जड, म्हणून तिने एकेक मणी छोट्या वजनकाट्यावर ठेवला. सहा माणकं निघाली. सातवं काही निघेना. पुन्हा वजन केलं, तिसऱ्यांदा केलं. बोटं घामेजून मणी निसटू लागले. सहा माणकं, एकसष्ट काचमणी.

"काचेचे साठच होते ना गं?"

"माझ्यासमोरच तर मोजलेस," जाऊ म्हणाली.

तिने भिंग काढलं. बऱ्याच वेळाने एका मण्यावर ती थबकली. त्याच्या भोकाची कड दोऱ्याने घासून घासून झिजली होती. बाकीचे काचमणी कोरे करकरीत. म्हणजे हा जुन्या माळेतला होता, आणि आत, काचेत असतो तसा, हवेचा बारीक बुडबुडा स्पष्ट दिसत होता.

माळ घेताना वजन न करताच तिने पावतीवर 'सात माणकं' असं लिहून सही केली होती.

"ओवून टाक ना तशीच," जाऊ कुजबुजली. "त्यांना तरी कुठे ठाऊक आहे?"

"आणि उद्या एखाद्या सोनाराने सांगितलं, तर चोर मीच." तिने भिंग खाली ठेवलं. "आणि नाही सांगितलं, तरी मला झोप लागायची नाही."

बाई पावणेचारलाच आल्या. मणीवालीने तबक सांडल्यापासून सगळं सांगितलं. बाईंचा चेहरा ताठ होत गेला.

"मी सात माणकं दिली होती."

"दिलीत, बाई. सही माझीच आहे. पण एवढं एकदा बघा."

बाईंनी भिंग डोळ्याला लावलं. झिजलेली कड दिसली, बुडबुडाही दिसला. मग फोन काढून त्यांनी थोरल्या भावाला लावला. "दादा, आईच्या माळेत एक काचेचा मणी कसा?"

मणीवालीने टेबलाची कड घट्ट धरली होती.

"सापडला होय," भाऊ म्हणाला तेव्हा आवाज खोलीभर ऐकू आला. "अगं, मी आठ वर्षांचा होतो. माळ ओढली, तुटली, एक माणिक मोरीत गेलं. बाबांनी गुपचूप काच बसवून आणली. आईला सांगायचं नाही, म्हणून मला शपथ घातली होती."

"साठ वर्षं, दादा! आज या बिचारीला मी चोर ठरवत होते!"

फोन ठेवून बाई खुर्चीत टेकल्या. डोळे पुसता पुसता त्यांना हसू फुटलं. "माफ करा हं मला. ओवा आता, आणि तो मणी वगळू नका. बाबांनी बसवलाय तो."

मणीवालीने मान डोलावली. दोरा काही केल्या सुईत जाईना. शेवटी जावेनेच सुई हातातून घेतली.