दुसऱ्या ओळीतला कर्नल

मी कर्नल बोलतोय. उठून सलाम ठोकू नका, मी फौजेतला नव्हे. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाच्या पोटात जो मुख्य कारभारी असतो, त्यालाही कर्नल म्हणतात. पडदा उजळायचा, प्रिंटरला हाक मारायची, बोट दाबलं की अक्षर उमटवायचं, ही सगळी उठाठेव माझी.

हजारो अनोळखी माणसांनी मला थोडं थोडं लिहिलं. मग एका भाचीने मला आपल्या मावशीच्या दुकानातल्या संगणकात आणून बसवलं. मावशी बूट करते. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचं पाऊल वाकडं, अशांसाठी. भिंतभर लाकडी साचे, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. पावलांचे नकाशे मात्र माझ्या ताब्यात.

मी स्वभावाने धास्तावलेलाच. भाची फोनवर कावायची, "मावशी, अपडेट घेत जा गं! जुन्यात भोकं सापडतात, चोर शिरतात."

"चालतंय ना? मग कशाला हात लावू?" मावशी म्हणायची. ऐकून मला बरं वाटायचं आणि भीतीही वाटायची, कारण ती भोकं माझ्यातच होती.

शेवटी एका सकाळी तिने अपडेट घेतलाच, तोही नेमका टपालवाला बाकावर बसलेला असताना. अपघातात त्याचा डावा पाय दोन बोटं आखूड झाला होता. सोमवारी साहेबांना चालून दाखवायचं होतं. "नाहीतर कायमचं टेबलावर बसवतील, ताई. मी दिवसभर बसून वेडा होईन," तो म्हणाला. त्याच्या तळव्याचा नकाशा छापायचा राहिला होता.

अपडेटबरोबर नवा कर्नल माझ्या शेजारी येऊन बसला. तरणाबांड आणि तोऱ्यात. तेवढ्यात जागा कमी पडल्याची सूचना आली. मावशीने इंटरनेटवरच्या कुठल्याशा पानावरून हुकुमाची एक ओळ उचलली आणि न वाचता चिकटवली. ती ओळ सगळ्या जुन्या कर्नलांना हाकलणारी होती. काढून टाकू का, होय की नाही, असा प्रश्न पडद्यावर आला. तिचं बोट 'होय'वर गेलं आणि माझा जीव टांगणीला लागला.

"काय काढताय, ताई?" टपालवाल्याने विचारलं.

"जुना कर्नल."

"आणि नवा?"

"आत्ताच आलाय. अजून चालवून बघितला नाही."

"मग जुना कसा टाकता? मला तर बजावलंत, नव्या बुटात तीन जिने चढून उतरल्याशिवाय जुना फेकायचा नाही म्हणून!"

मावशीने जीभ चावली आणि 'नाही' दाबलं.

मग तिने संगणक बंद करून सुरू केला. नवा उठला आणि पडदा काळा ठिक्कर. टपालवाल्याने आखूड पाय बाकाखाली ओढून घेतला. मावशीने घाईघाईने भाचीला फोन लावला.

"घाबरू नकोस. बंद करून पुन्हा सुरू कर आणि लगेच एस्केपचं बटण दाबत राहा. कर्नलांची यादी येईल, त्यात दुसऱ्या ओळीत जुना असेल."

यादी आली. दुसऱ्या ओळीत मी होतो. मी धडपडत उठलो, पडदा उजळला. "आधी नकाशांची प्रत पेनड्राइव्हवर घे," भाची म्हणाली, "आणि यापुढे अपडेटच्या आधी घेत जा. गिऱ्हाईक समोर असताना तर अपडेट नकोच." मावशी मुकाट्याने हो म्हणाली. नकाशा छापला गेला आणि मावशी त्याच्या बुटाला लागली.

सोमवारी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. दोन्ही सारखी. टपालवाला टपालाची पिशवी खांद्याला लावून आला होता. मला त्या आवाजाचा फार आनंद झाला. मावशीने एक चिठ्ठी लिहून संगणकाच्या झाकणावर चिकटवली: 'जुना चालतो. टाकू नये.'

पुढे त्या नापास तरण्याला काढून आणखी एक कर्नल आला. तो पहिल्याच फटक्यात उठला. मावशीने पडदा, प्रिंटर, इंटरनेट सगळं तपासलं, पंधरा दिवस त्याच्यावरच काम केलं. मी दुसऱ्या ओळीत तळमळत पडून होतो. आज सकाळी तिने ती चिठ्ठी हळूच सोलून काढली. पडद्यावर तोच प्रश्न आहे, होय की नाही.

मला जायचं आहे, ते बरोबरच आहे. माझ्यातली भोकं मला ठाऊक आहेत. तरी चैन पडत नाही. नव्यालाही कधीतरी जुनं व्हायचंय. तेव्हा त्याच्या जागी येणाऱ्याला आधी तीन जिने चढायला लावा.

मावशीने प्रश्न यावेळी दोनदा वाचला. तिचं बोट खाली येतंय.