विहिरीपाशी बसणारा राक्षस

ऑफिसात तिला सगळे भिंगवाली म्हणत, आणि नाव तरी किती चपखल! अठरा वर्षांपूर्वीचा तलवारबाजीचा एक गेम नव्या रंगरूपात येणार होता. टेबलावर दोन स्क्रीन, डावीकडे जुना गेम, उजवीकडे नवा. दोन्हींत एकाच वाटेने चालायचं आणि फरक टिपायचा, हे तिचं काम. नव्यात गवत हलायचं, पाण्यात ढग दिसायचे. जुन्यातला घोडा दिसायला ओंडका, पण लगाम ओढला की जागच्या जागी वळायचा. नव्या घोड्याचे नखरेच फार! तिने तसं लिहूनही टाकलं.

आणि मग तिला घबाडच सापडलं. जुन्यात विहिरीच्या कठड्याला टेकून ढाल खाली केली, की धावून येणारा राक्षस गदा टेकवून चक्क मटकन खाली बसायचा. मग त्याला खुशाल बदडा! एवढी ढळढळीत चूक, आणि अठरा वर्षांत एकाचीही तक्रार नाही. तिने नोंद केली, दोन दिवसांत नव्या गेममधून चूक गेली, प्रमुखाने सगळ्यांसमोर शाबासकी दिली. बाई हवेत तरंगतच घरी आल्या.

आता गंमत अशी, की जुन्या गेममधल्या राक्षसांच्या चाली तिच्या बाबांनीच लिहिलेल्या. "बाबा, तुमची चोरी पकडली!" जेवताना तिने सगळं रंगवून सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला. आई पाणी आणायला म्हणून उठली, ती आलीच नाही.

लेक स्वयंपाकघरात गेली. आई ओट्याशी नुसती उभी होती. "ह्यांचं नाव आलं का गं कुठे?"

"नाही. का?"

"ती ह्यांची चूक मला पहिल्याच वर्षी सापडली होती. वरच्यांच्या कानावर गेलं असतं तर ह्यांना बोलणी बसली असती. म्हणून तोंडाला कुलूप. ह्यांनाही कधी बोलले नाही, उगाच जिवाला लागलं असतं. आणि तू, पोटची पोर, ती चव्हाट्यावर मांडलीस!" मग आवाज खाली आला. "आणि मी आता तळ्यापर्यंत कशी जाऊ?"

राक्षसाच्या पलीकडे एक तळं होतं. नव्या गेममध्ये ते कसं दिसेल, हे आई महिनाभर विचारत होती. लहानपणी यंत्रात सापडून आईच्या उजव्या हाताची दोन बोटं ताठ झालेली. आई दुपारी खेळते हे लेकीला माहीत होतं. कशी खेळते, हे तिने कधी बघितलंच नव्हतं.

बाबा गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. तिला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "चूक कसली, वेडे! मुद्दाम ठेवली होती. गेम सोपा करायला वरचे तयार नव्हते, आणि हिला दोन बटणं एकदम दाबता येत नाहीत. दमली की विहिरीपाशी थांबायची, म्हणून तिथे केलं. पण तिला सांगू नकोस हं. स्वतःच्या हिकमतीवर जिंकते, असं वाटतं तिला."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी ती प्रमुखापुढे उभी राहिली. "ती चूक नव्हती. चूक माझी झाली."

"काल तर शाबासकी घेतलीस!"

"परत घ्या. ज्याने लिहिलं त्यालाच विचारून आले. दोन बटणं एकदम दाबता येत नाहीत, त्या माणसांसाठी ठेवलं होतं ते."

प्रमुखाने डोकं खाजवलं. "ठीक आहे, होतं तसं करू. पण नोंद चुकली, असं सगळ्यांना लिहून कळव." तिने कळवलं. भिंगाला तडा गेला म्हणून आठवडाभर सगळ्यांनी तिची यथेच्छ टर उडवली.

गेम घरी आला त्या दुपारी आई पुढे सरसावून बसली. बाबा शेजारी पेपर धरून, पान काही उलटत नव्हतं. आईने विहिरीला टेकून ढाल खाली केली. राक्षस गरजत आला आणि बसला. आईने त्याला सावकाश, एकेक बटण दाबत लोळवलं. समोर तळं उघडलं. त्यात ढग होते.

"वा! एकटीने लोळवलास की!" पेपराआडून बाबा म्हणाले.

आई लेकीच्या कानाशी वाकली. "झाकलीस गं बाई ह्यांची चूक. त्यांना मात्र कळू देऊ नकोस हं, बिचारे!"

भिंगवालीने नुसती मान हलवली.