कॉलेजला जायची तालीम

"ए बारके, ऊठ! कॉलेजला उशीर होतोय!"

बारकी नववीत होती. कॉलेजला अजून चार वर्षं होती आणि त्यातून दिवस रविवारचा होता.

"बाबा, अहो, मी नववीत आहे," पांघरुणातून आवाज आला.

"म्हणूनच आत्तापासून. ऊठ, सातची बस आहे."

स्वयंपाकघरातून बारकीची आई म्हणाली, "कशात काय नि फाटक्यात पाय! पोरीला अजून त्रिकोणाची बेरीज येत नाही, आणि हे निघाले कॉलेजला!"

"त्रिकोणाची बेरीज नसते गं," बारकीचा बाप, मिस्त्री, बूट घालता घालता म्हणाला.

"तेच म्हणते मी!"

मिस्त्री शिलाईची मशिनं दुरुस्त करायचा. घराची पुढची खोली हेच दुकान. दहा-बारा मशिनं तिथे कायम उघडी पडलेली असायची, आणि घरातल्या कपड्यांना, पुस्तकांना, झालंच तर पावालासुद्धा मशिनच्या तेलाचा वास यायचा. त्याचा एक नियम होता. मशीन जोडून झालं की लगेच द्यायचं नाही. दोरा न घालता ते पंधरा मिनिटं रिकामं पळवायचं. कुठे खडखडतंय, कुठे अडतंय, सगळं ऐकायचं. गिऱ्हाईक घाई करायचं, चिडायचं. पण मिस्त्री ढिम्म. "तुमचं कापड फाटल्यावर अरेरे म्हणून काय उपयोग?" म्हणायचा. पोरीच्या कॉलेजलाही त्याने हाच नियम लावला. महिन्याच्या पहिल्या रविवारी शहरातल्या तंत्रशिक्षणाच्या कॉलेजपर्यंत जायचं, फाटकाला हात लावायचा आणि परत यायचं. रिकामी फेरी. म्हणजे प्रवेशपरीक्षेच्या दिवशी काही खडखडायला नको.

नववीत बारकी बसमध्ये त्याच्या खांद्यावर डोकं टाकून झोपायची. मिस्त्री तिला हलवून हलवून शिकवायचा. डावीकडे बसायचं नाही, ऊन येतं. पाण्याची टाकी दिसली की उठून दाराशी जायचं. टाकीनंतरचा पहिला थांबा मागच्या फाटकाचा, तिथे उतरायचं नाही, मेलं तरी उतरायचं नाही. ते फाटक कायम बंद असतं. दुसऱ्या थांब्याला उतरायचं, उजवीकडे वळायचं. मग फाटकाशी पोचलं की तो घड्याळ बघून जाहीर करायचा, "थांब्यापासून अकरा मिनिटं!" जणू काही शर्यतच जिंकली. फाटकासमोरच्या बाकावर बसून दोघं पाव आणि उकडलेली अंडी खायची. अंड्याचं मीठ कागदाच्या पुडीत असायचं आणि ती पुडी दर वेळी बारकीच्याच मांडीवर सांडायची.

काय दिवस होते! आता कधी आठवण निघाली की बारकीची आई म्हणते, "तुम्ही दोघं येडे होतात." आणि म्हणताना तिचाच आवाज हळवा होतो.

दहावीत तालीम कडक झाली. "आज बस बंद पडली असं समज," असं म्हणून मिस्त्री अर्ध्या वाटेत उतरायचा आणि दोघं पाऊण तास पायपीट करायची. चालता चालता समीकरणं. बारकीने उत्तर सांगायचं, मिस्त्रीने "शाब्बास" म्हणायचं. बरोबर की चूक हे त्याला कळायचं नाही, पण पोरगी अडखळली की ते त्याला मशिनच्या आवाजासारखं कळायचं. "पुन्हा कर, कुठेतरी अडलं तुझं." आणि खरंच अडलेलं असायचं. एकदा तो म्हणाला, "आज तुझं ओळखपत्र घरी राहिलं असं समज."

"त्यापेक्षा बाबा, आज तुम्हीच घरी राहिलात असं समजू या का?"

मिस्त्री इतका हसला की बसमधली माणसं वळून बघायला लागली.

त्याच वर्षी बाकावर बसून त्याने तिला ती गोष्ट सांगितली. तोवर ती फक्त बारकीच्या आईला ठाऊक होती. अठरा वर्षांचा असताना तो याच कॉलेजच्या परीक्षेला आला होता. कंडक्टरने मागच्या फाटकापाशी उतरवलं. फाटक बंद. आता उघडेल, मग उघडेल, म्हणून तो दहा मिनिटं तिथेच उभा राहिला. कुणाला विचारलं नाही. विचारलं तर गावंढळ म्हणतील, ही लाज. शेवटी पळत पुढच्या फाटकाशी पोचला, तर आठ मिनिटं उशीर झालेला. गजांच्या आतून रखवालदाराने नुसता हात हलवला. झालं. घरी वडिलांनी विचारलं, "पेपर कसा गेला?" हा म्हणाला, "बरा गेला." म्हातारा दोन महिने निकालाची वाट बघत होता. मग त्याने विचारणंच सोडलं आणि पोराला मशिनच्या दुकानात चिकटवून दिलं.

"मग तुम्ही भांडला नाहीत? आठ मिनिटांसाठी?"

"सुचलंच नाही गं. तोंडातून शब्दच फुटला नाही."

"मी असते ना, तर ते फाटक गदागदा हलवलं असतं."

"म्हणून तर तुला वेळेवर पोचवायचं. हलवाहलवी नकोच." मिस्त्रीने अंड्याची टरफलं गोळा केली. बारकी त्या दिवशी परतीच्या बसमध्ये झोपली नाही. बापाचा हात धरून बसली होती.

अकरावीत मात्र तिला लाज वाटायला लागली. वर्गातल्या मुली बसमध्ये भेटल्या की ती बापापासून दोन बाकं लांब बसायची. बाकावरही गप्प गप्प. मिस्त्री फाटक बघायचा, आत जाणाऱ्या येणाऱ्या पोरापोरींकडे बघायचा, "ती बघ, ती इमारत, तिथे मोठमोठी यंत्रं आहेत म्हणे," असं काहीबाही बोलायचा. आणि बारकी कॉलेजच्या कुंपणाच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहायची. जुनी दगडी भिंत, फटीफटीतून काय काय उगवलेलं. त्यातलं एखादं पान ती हळूच पुस्तकात ठेवायची. एकदा पुस्तक उघडल्यावर मिस्त्रीने असली चार पानं कचरा म्हणून झटकून टाकली, तर पोरीने घर डोक्यावर घेतलं. दोन दिवस बोलली नाही. वयच तसलं आहे, असं म्हणून त्याने सोडून दिलं. बाप म्हणजे बापच शेवटी; समोरचं दिसेल तर शपथ.

बारावीचं वर्ष अर्धं सरलं. त्या रविवारी दहा मिनिटांत पोचले, म्हणून मिस्त्री खुशीत होता. बारकीने अंडं हातात तसंच धरलं होतं.

"बाबा, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"पुडी सांडलीस?"

"मला या फाटकातून आत जायचं नाही."

तो हसला आधी. मग तिच्या तोंडाकडे बघून थांबला.

"मला झाडांचं शिकायचंय. शेतीचं कॉलेज आहे, उत्तरेकडे, साडेतीन तासांवर. त्यांची वेगळी परीक्षा असते. बाईंनी अर्ज आणून दिलाय." तिने एका दमात सांगून टाकलं. "यंत्रं मला आवडत नाहीत असं नाही. पण ही भिंत बघितल्यापासून… म्हणजे या दगडात माती नाही, पाणी नाही, तरी हे उगवतं कसं, हेच डोक्यात असतं माझ्या."

"चार वर्षं मी तुला फाटक दाखवलं," मिस्त्री सावकाश म्हणाला, "आणि तू भिंतीवरचं गवत बघत बसलीस?"

"गवत नाही ते, बाबा."

घरी आल्यावर तो बूट न काढताच मशिनपाशी जाऊन बसला. तीन दिवस धुसफुसत होता. एका शिंपीणबाईंच्या मशिनला त्याने सुई उलटी लावली, रिकामं न पळवता मशीन देऊन टाकलं, आणि त्या बाई तासाभरात परत आल्या. "मिस्त्री, बरं नाही का तुम्हाला?" त्यांनी विचारलं. पंचवीस वर्षांत असं झालं नव्हतं. आतल्या दारात बारकीची आई उभी होती. बाई गेल्यावर ती म्हणाली, "अहो, तुमचा राहिलेला पेपर त्या पोरीने का लिहायचा?"

मिस्त्रीला ते लागलं. लागायलाच हवं होतं, कारण खरं होतं. त्या फाटकातून आपलं कुणीतरी आत जावं एवढंच त्याने आयुष्यात मागितलं होतं, आणि तेही आता होणार नव्हतं. तेल लावायच्या चिंधीनेच त्याने डोळे पुसले आणि डोळे आणखीच चुरचुरले. संध्याकाळी तो बारकीच्या अभ्यासाच्या टेबलापाशी आला.

"तिकडची बस कितीला असते?"

"चौकशी करते."

"पुढच्या रविवारी एक फेरी मारून येऊ या."

"नको ना बाबा. अभ्यास राहिलाय. एकदम परीक्षेलाच जाऊ." त्याचा चेहरा बघून ती म्हणाली, "विचारत विचारत जाऊ हो. तोंड आहे ना आपल्याला."

तालीम न करता जायचं! परीक्षेच्या दिवशी मिस्त्री पहाटेपासून दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता. आणि व्हायचं तेच झालं. पुढे पूल दुरुस्तीला काढला होता. बसने भलतंच वळण घेतलं आणि कंडक्टरने त्यांना एका तिठ्यावर उतरवलं. "इथून जवळच आहे," म्हणाला आणि घंटी मारून गेला. चारी बाजूंनी शेतं. पाटी नाही, काही नाही. मिस्त्रीचे पाय जागीच खिळले. त्याला काही म्हणजे काही सुचेना.

बारकी मात्र तोवर सायकलवाल्या एका माणसाला थांबवून विचारतही होती. मग दुधाचे कॅन उतरवणाऱ्या बाईला विचारलं. दोघांनी दोन वाटा सांगितल्या, तेव्हा तिसऱ्याला विचारलं. "या बाबा, इकडून. पाटाच्या कडेने." ती पुढे, मिस्त्री धापा टाकत मागे. फाटकाशी पोचले तेव्हा पंचवीस मिनिटं शिल्लक होती.

"पाणी पी. घाई करू नकोस. आधी सगळा पेपर वाच," मिस्त्री म्हणाला. आणखी पुष्कळ सांगायचं होतं, आठवेना. बारकी वाकून त्याच्या पाया पडली नाही की रडली नाही. त्याच्या शर्टाचं वरचं उघडं राहिलेलं बटण तेवढं तिने लावलं आणि आत गेली. बघता बघता बाकीच्या पोरांत मिसळली. त्याने हात वर केला होता, तो तसाच खाली घेतला.

घंटा झाली. रखवालदाराने फाटक लावलं, कडी घातली. मिस्त्री समोरच्या झाडाखाली टेकला, आणि पाच-सात मिनिटांनी पाटाच्या कडेने एक मुलगी पळत येताना दिसली. मागे तिचा बाप, चप्पल हातात घेतलेला. मुलीने गज धरले. रखवालदार म्हणाला, "वेळ झाली. आता नाही." मुलगी नुसती बघत राहिली. बापाच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता.

मिस्त्री उठला. आपण कधी उठलो, कधी फाटकाशी पोचलो, हे त्यालाही कळलं नाही.

"उघडा!" तो ओरडला. "बस तिठ्यावर सोडतात, पूल बंद आहे, तुम्ही कुणाला कळवलंत का? पाटी लावलीत का एक तरी? सात मिनिटं झाली आहेत, सात! आत जाऊन साहेबांना विचारून या. साहेबांनी सांगितलं तर आम्ही गुमान जाऊ. पण विचारल्याशिवाय हात हलवायचा नाही!" आणि त्याने फाटक दोन्ही हातांनी असं हलवलं की कडी खणखणली.

रखवालदार बावरला. आत गेला. एका चष्मेवाल्या बाईंना घेऊन आला. बाईंनी मुलीचं ओळखपत्र पाहिलं, तिच्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं, म्हणाल्या, "चल, पळ."

फाटक पुन्हा लागलं. मुलीचा बाप चप्पल पायात घालायची विसरून तसाच उभा होता.

"फार उपकार झाले, साहेब," तो म्हणाला. "तुम्ही इथे कॉलेजातच असता का?"

"छे हो," मिस्त्री म्हणाला, "मी शिलाईची मशिनं दुरुस्त करतो." आणि सरकून त्याने त्या माणसाला सावलीत बसायला जागा करून दिली.